मेश्रामबाई आणि गुलाबी रेघ

लोकांचे आलेले डोळे तपासायला मी गॉगल लावून बसले होते. साधा नव्हे, डाळिंबी काचेचा, कडेला सोनेरी खडा असलेला, घाटंजीच्या बाजारातून घासाघीस करून आणलेला. डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं की आपलेही येतात, ही आमच्याकडची जुनी समजूत. लॅबच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळवलेली मी बाई. रोग नजरेतून उडी मारत नाही, हाताने जातो, हे मी पेपरात लिहून आले होते आणि त्याचे गुणही मिळाले होते. पण पेपर वेगळा आणि आपले डोळे वेगळे. शिवाय गॉगलमध्ये मी बरी दिसते असं माझं ठाम मत होतं. आता त्या काळातला फोटो नात दाखवते तेव्हा वाटतं, नाकावर दोन डाळिंबं फोडून बसलेली ही शहाणी कोण?

त्या गॉगलने काय घोळ घातला ते सांगते. पण आधी तो ज्यांनी माझ्या नाकावरून उतरवला, त्या मेश्रामबाईंबद्दल सांगायला हवं. बाई जाऊन आता काही उन्हाळे झाले. स्वतःबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि त्यांच्याबद्दल बोलणारी माणसंही एकेक करून कमी होत चालली. मी अजून आहे आणि मला बोलायची हौस आहे.

डॉक्टर वत्सला मेश्राम पांढरकवड्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात लॅबच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. बुटक्या, रुंद, पांढऱ्या साडीतल्या, केसांचा सुपारीएवढा अंबाडा. मोठ्या शहरातल्या कॉलेजातली नोकरी सोडून त्या आपल्या मुलखात परत आल्या होत्या आणि येताना तिथली पुस्तकी भाषाही सोडून आल्या होत्या. पेशंटशी, माझ्याशी, दवाखान्याच्या अध्यक्षांशी, सगळ्यांशी एकच वऱ्हाडी. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत कारकुनी केलेली, त्यामुळे मला सुरुवातीला वाटायचं की डॉक्टरने जरा शुद्ध बोलावं. माझ्या अशा बऱ्याच मतांचं बाईंनी हळूहळू काय केलं, ते पुढे येईलच.

बाईंची खोड एकच. कुठलीही गोष्ट त्या एकटी बघत नसत. तिच्या शेजारी दुसरी ठेवत आणि मग बघत. बाजारात वांगी घ्यायची तर अर्धी एका बाईकडून, अर्धी दुसरीकडून. घरी दोन चुली नसल्या तरी दोन भरितं होत आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून दोन्ही माझ्यासमोर येत. कोणतं भरीत कुठल्या बाईचं ते सांगायचं नाही, आधी चव सांग. बसस्टँडवर चहाच्या दोन टपऱ्या समोरासमोर होत्या. बाई एकीकडे अर्धा कप घेत, रस्ता ओलांडून दुसरीकडे अर्धा. असं मी नोकरीला लागायच्या आधीपासून चाललं होतं आणि निकाल काही लागला नव्हता. दोन्ही टपरीवाले छाती काढून सांगत की डॉक्टरीणबाई आपल्याकडचाच चहा पितात, तिकडे नुसत्या तोंडदेखल्या जातात.

मी एकदा वैतागून म्हटलं की बाई, वांग्यासारख्या वांग्यात काय तपासायचं? तर म्हणाल्या, "माह्या बापानं धर्म बी तपासून घेतला, पोरी. मी वांगे काहून नोको तपासू?" त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा बाई आईच्या कडेवर होत्या. त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी माझ्यासमोर एवढाच केला, तोही वांग्यावरून.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्याचं कारण विचारायची हिंमत माझ्यात नव्हती, पण आमच्या सफाईवाल्या मावशीत होती. तिला बाईंनी सांगितलं की एकाच महिन्यात दोन पोरं पाहायला आले होते, दोघंही बरे होते, "मी तुलना करून राह्यली होती, तवरिक दोघाचे बी लग्न होऊन गेले." यावर बाई इतक्या हसल्या की खुर्ची करकरली. मी मात्र त्या रात्री माझ्या नवऱ्याकडे जरा निरखून पाहिलं. माझ्या वेळेला एकच आला होता.

लॅबमध्ये या खोडीचं कामाच्या पद्धतीत रूपांतर झालेलं होतं. एखादी स्लाइड अवघड असली की बाई स्वतः बघत, काही न बोलता उठत आणि मला बसवत. मग म्हणत, "तू सांगू नोको, मी सांगत नाही. आता दोघी एकदम बोलू." आणि आम्ही दोघी बायका मायक्रोस्कोपच्या दोन बाजूंना उभ्या राहून लहान पोरींसारख्या एका दमात उत्तर देत असू. जुळलं तर चहा. नाही जुळलं तर पुन्हा स्लाइड. मी वरिष्ठ आहे म्हणून माझं बरोबर, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मला तेव्हा तो बाईंचा कमकुवतपणा वाटायचा. मी प्रमुख असते तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना गप्प केलं असतं, असं मी घरी सांगत असे.

आता त्या वर्षाकडे येते. कापसाचे दिवस फिरले होते. कापसातली सरकी काढणाऱ्या गावातल्या जिनिंग एकेक करून बंद पडल्या होत्या, त्यांच्या आवारात गवत माजलं होतं, आणि पूर्वी दसरा आला की जागोजागी बायकांना कामाला बोलावणं यायचं, त्याऐवजी आता एकाच जिनिंगच्या फाटकाशी सगळा गाव उभा राहायचा. तिथे यंत्रात कापूस लोटायला बायका लागत. जिला आत जागा मिळाली ती नशिबाची.

नेमके त्याच दसऱ्याच्या सुमारास डोळे येऊ लागले. घरंच्या घरं लाल डोळ्यांनी फिरत होती. पण लाल डोळ्याचं आमच्याकडे एकच कारण नसतं. शेतात फवारणी करून आलेल्याचे डोळे लाल. जिनिंगमध्ये रुईची धूळ खाल्लेल्याचे डोळे लाल. आणि विषाणूने आलेले तेही लालच. पहिल्या दोघांना पाण्याने डोळे धुऊन कामावर जाता येतं. तिसऱ्याला पंधरवडाभर लोकांत मिसळू नये असं सांगावं लागतं, नाहीतर तो आळीच्या आळी लाल करतो. नुसतं बघून यातला कोण कुठला हे सांगणं कठीण. औषधाच्या दुकानातून सगळ्यांना एकच थेंब मिळत, म्हणजे तो प्रश्न दुकानदाराला पडतच नव्हता.

जिनिंगच्या मुकादमाला, बाबारावला, मात्र पडला. लाल डोळा दिसला की तो बाईला फाटकाबाहेर काढायचा आणि तिच्या जागी दुसरी उभी करायचा. बायकांनी ओरड केली तेव्हा तो म्हणाला, दवाखान्यातून सांगा की धूळ आहे, मी आत घेतो. अशा रीतीने बाबारावच्या फाटकाची किल्ली आमच्या लॅबकडे आली.

त्या बायकांत शेवंता होती. केळापूरहून पायी यायची. नवरा कामाला म्हणून सीमेपलीकडे गेला तो तिकडचाच झाला, दोन पोरी शाळेत. पहिले काही हंगाम तिने जिनिंगच्या मागच्या अंगाला काढले होते, जिथे रुईचा धूर असा की शेजारणीचं तोंड दिसत नाही. त्या वर्षी तिला दाराजवळची जागा मिळाली होती. बाहेरचा वारा लागतो, खोकला येत नाही, पोरी शाळेतून आल्या की दारातून दिसतात. ती जागा गेली की पुन्हा मागे, आणि मागे तरी मिळेल की नाही कोण जाणे. हे सगळं ती रांगेत बसून शेजारणीला सांगत होती आणि मी ऐकत होते. तिचे दोन्ही डोळे लालभडक होते.

बाईंच्या एका जुन्या सहकाऱ्याने त्याच आठवड्यात दोन कंपन्यांच्या पट्ट्या पाठवल्या होत्या. डोळ्यात विषाणू आहे की नाही हे तिथल्या तिथे सांगणाऱ्या. खालची पापणी ओढायची, आतून बोळा फिरवायचा, तो औषधात बुडवायचा, त्यात पट्टी उभी करायची आणि थोडं थांबायचं. एक रेघ उमटली तर विषाणू नाही. दोन उमटल्या तर आहे. एका कंपनीची रेघ निळी, दुसरीची गुलाबी. कोणती पट्टी जास्त खरी बोलते, एवढंच त्या सहकाऱ्याला हवं होतं. बाईंना असं काम म्हणजे पुरणपोळी. दोन वांगी झाली, दोन चहा झाले, आता दोन पट्ट्या.

पद्धत त्यांनी घालून दिली. पट्ट्या थोड्या होत्या, म्हणून एका पेशंटला निळी, पुढच्याला गुलाबी, असं एकाआड एक. त्याशिवाय प्रत्येकाच्या डोळ्यातलं थोडं काचेवर घ्यायचं आणि आत पाठवायचं. ते रंगवून बाई मायक्रोस्कोपखाली बघणार, कारण डोळ्यात कुठल्या जातीच्या पेशी जमल्यात त्यावरूनही धूळ की विषाणू याचा अंदाज येतो. पण त्याला दुपार उलटते. पट्टी लगेच बोलते, म्हणून पेशंटला पट्टीवरून सांगायचं. मी बाहेर, बाई आत, मधलं दार बंद. एकमेकींना काही सांगायचं नाही. संध्याकाळी दोघी एकदम बोलू. उद्घाटनाचं भाषण म्हणून त्या एवढंच म्हणाल्या, "घाई पट्टीले करू दे, कुसुम. तू करू नोको."

दार बंद झालं आणि मी पर्समधून गॉगल काढला. बाईंसमोर लावायची छाती नव्हती, त्या हसल्या असत्या. रांगेतल्या बायका हसल्याच. एक म्हणाली की बाप्पा, हिरोइन आली डोळे तपासाले. मी मानेला झटका देऊन पहिली पापणी ओढली. मोठ्या रुबाबात काम चाललं. निळ्या पट्टीवर काहींना एक रेघ, काहींना दोन. गुलाबी पट्टीवर मात्र वरची जाड रेघ तेवढी दिसे, ती कायम उमटतेच. खाली कोरं. शेवंताच्या वाट्याला गुलाबी आली. मी पट्टी उजेडाकडे धरून ऐटीत बघितली आणि सांगितलं की धूळ आहे, डोळे धुवा आणि जा कामावर. तिने दोन्ही हात जोडले. मला फार बरं वाटलं. त्या दिवशी गुलाबी पट्टी लावलेल्या सगळ्याच बायकांनी मला हात जोडले. एका दिवसात इतके नमस्कार मला लग्नातही मिळाले नव्हते.

संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसलो. निळ्यावर मी हो म्हटलं तिथे बाईंची स्लाइड हो म्हणत होती. मी नाही म्हटलं तिथे नाही. चहाला उठावं इतकं जुळत होतं. मग गुलाबी सुरू झाली. मी नाही, बाई हो. मी नाही, बाई नाही. मी नाही, बाई हो. माझं आपलं नाहीच नाही. मी ताबडतोब निकाल दिला की ही कंपनी बोगस आहे, पट्ट्या परत पाठवा आणि त्यांना चांगलं खरमरीत लिहा. हवं तर मी लिहिते, माझं अक्षर बरं आहे.

बाई बराच वेळ डोकं खाजवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पट्टी खोटी, नाही त माही स्लाइड खोटी, नाही त तू. तिघातलं कोन ते आजच काहून ठरवतं? एका दिवसात कोनाले चोर म्हनू नाही." तिघात आपलं नाव आलेलं मला मुळीच आवडलं नाही. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की म्हाताऱ्या झाल्या बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सांगितलं की थोडी रांग काढू आणि मग जिनिंगला जाऊन कालच्या गुलाबीवाल्या बायका परत बघू, कारण खरं कोणाचंही असो, त्या बायका आत गेल्यात. मी माझ्या टेबलाशी बसले. दार बंद झाल्याचा आवाज आला, गॉगल चढवला. गुलाबी पट्टी घेतली, बोळा फिरवला, पट्टी बुडवली, वाट बघितली. खाली कोरं. तेवढ्यात कळलं की रांग भलतीच शांत आहे. मान वळवली तर बाई माझ्या मागे स्टुलावर बसलेल्या. दार त्यांनी बाहेर येऊन बंद केलं होतं.

मला वाटलं आता रागावतील. त्या उठल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि पदर पसरून विचारलं, "माह्या साडीवर काय हाय, कुसुम?"

मी म्हटलं, काही नाही बाई, कोरी पांढरी आहे.

रांगेत जो हशा पिकला तो बाहेरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेला असणार. एक म्हातारी तर डोळ्यांतलं पाणी पुसताना म्हणाली की पोरीचेच आले वाटते डोये, तिले आधी तपासा. मी गॉगल काढला. बाईंच्या पांढऱ्या साडीवर पदरभर गुलाबी ठिपके होते. फिके, पण होते. मग मी हातातली पट्टी बघितली. जाड रेघेच्या खाली एक फिकी गुलाबी रेघ होती, अगदी शांत, मी कधी बघते याची वाट बघत असल्यासारखी.

डाळिंबी काचेतून पांढरं लालसर दिसतं आणि गुलाबी त्यातच बुडून जातं. निळं तेवढं वर राहतं. हे कळायला पहिला वर्ग लागत नाही. मी दोन कंपन्यांची तुलना करायला बसले होते आणि तुलना झाली ती माझ्या गॉगलची. बाईंनी तो माझ्या हातातून घेतला, स्वतः लावून पट्टीकडे पाहिलं, काढून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं. त्यांना रागच आला नव्हता. त्यांना मजा वाटत होती. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला आणि त्या म्हणाल्या, "चाल. बाया आत हाये."

जिनिंगपर्यंत आम्ही रिक्षाने गेलो. शेवंता दाराजवळच्या तिच्या जागेवर होती. काल बाईंच्या स्लाइडने हो म्हटलेल्यांत तीही होती. मी तिला बाजूला बोलावून, चाचरत, काल सांगितलं ते चुकलं असं सांगितलं. तिने डोक्याचं फडकं सोडलं आणि रुई झटकली.

"काल म्हने जा, आज म्हने येऊ नोको. डोये तुमचे आले का माहे?"

तोवर बाबाराव मुकादम आला. विषय कळताच त्याने शेवंताला आणि स्लाइडने हो म्हटलेल्या बाकीच्या बायकांना फाटकाकडे बोट दाखवलं आणि बाहेर उभ्या असलेल्यांतून एकीला हाक मारली. शेवंता जागची हलली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती त्या जागेकडे बघत होती, जिथे दुसरी बाई येऊन उभी राहणार होती.

बाई बाबारावच्या अगदी जवळ गेल्या. त्या जेमतेम त्याच्या छातीपर्यंत येत होत्या. वर मान करून त्यांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं की भाऊ, तुमचे डोळे कशाने लाल? तो म्हणाला रुई गेली, इथे सगळ्यांच्याच जाते. बाई म्हणाल्या, असंल. कुसुम, पट्टी काढ.

त्याला पोत्यावर बसवून मी पापणी ओढली. या वेळी नाकावर गॉगल नव्हता. आजूबाजूला बायका जमल्या. पट्टी बुडवली. बाईंनी तिकडे पाठ केली, कारण बघायचं काम माझं होतं. थांबायचं तेवढं थांबून मी म्हटलं, दोन रेघा. मग बाई वळल्या, त्यांनी पट्टी घेतली आणि त्याही म्हणाल्या, दोन.

"बाबारावभाऊ, तुमाले पंधरा दिवस घरी बसा लागते. तुमची जागा कोनाले देता?"

"माही जागा काहून देऊ? मी वापस येईन ना."

"मंग बाई बी येते वापस."

बायकांत कोणीतरी फिसकन हसलं. बाबारावने एकदा पट्टीकडे, एकदा मालकाच्या खोलीकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याही डोक्यावर कोणी होतं आणि जिनिंग पुढच्या वर्षी चालेल का हे त्यालाही ठाऊक नव्हतं. शेवटी ठरलं असं की ज्यांना दोन रेघा, मुकादमासकट, त्यांनी घरी बसायचं. तोवर त्यांच्या जागी बदली बाया. दवाखाना बरं म्हणेल त्या दिवशी ज्याची त्याला जागा परत. बाईंनी ते त्याला मोठ्याने दोनदा म्हणायला लावलं, एकदा आमच्यासमोर आणि एकदा मालकाच्या दाराशी. निघताना त्या बायकांना म्हणाल्या की चूक लॅबची आहे, तुमची नाही. कुसुमची आहे असं म्हणाल्या नाहीत. मी तेव्हा हुश्श केलं. त्यामागे काही मोठेपणा असावा हे मला रिक्षा अर्ध्या रस्त्यात आल्यावर सुचलं.

तिसऱ्या दिवशी माझे डोळे आले. अर्थातच आले. तो गॉगल सारखा नाकावरून घसरायचा आणि मी पेशंटची पापणी ओढलेल्याच हाताने तो वर करायची. ज्या गोष्टीपासून वाचायला तो आणला, तीच त्याने मला घरपोच दिली. बाईंनी माझी पापणी ओढली, निळी आणि गुलाबी दोन्ही पट्ट्या लावल्या आणि दोन्हींवर रेघा अशा ठळक उमटल्या की त्यांनी सफाईवाल्या मावशीलाही बोलावून दाखवल्या. म्हणाल्या, इतका चांगला नमुना या तीन दिवसांत मिळाला नव्हता. मला घरी पाठवलं. आमच्या घरात कोणी माझ्याकडे बघेना. सासूबाई पाठ करून ताट सरकवायच्या. नवऱ्याने स्वतःसाठी गॉगल आणला.

निकाल काय लागला म्हणाल तर दोन्ही पट्ट्या जवळजवळ सारख्याच निघाल्या. हो म्हणाल्या की बहुतेक खरंच हो असायचं. नाही म्हणाल्या तर मात्र पूर्ण विश्वास ठेवू नये, डोळा पुन्हा बघावा. बाईंना हे फार पटलं. "हो म्हनाले हिंमत लागते, नाही त कोनी बी म्हनते," असं त्या नंतर माणसांबद्दलही म्हणू लागल्या. सहकाऱ्याला कळवताना पहिल्या दोन दिवसांची गुलाबी पट्टीची वाचनं त्यांनी बाद धरली आणि कारण म्हणून 'वाचणाऱ्याच्या डोळ्यावर रंगीत काच' एवढंच लिहिलं. वाचणारी कोण हे त्या सहकाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आता तुम्हाला कळलं.

पुढे बाई निवृत्त होऊन नागपूरला भाचीकडे राहायला गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. दुसऱ्याचं करायला डॉक्टर मागे लागले होते आणि या बाई तयार होत नव्हत्या, कारण एक नवा आणि एक जुना डोळा अशी तुलना आयुष्यात पुन्हा मिळणार नाही. दिवसभर एकेक डोळा झाकून भाचीचं घर बघत बसायच्या. मला म्हणाल्या की जुन्या डोळ्याने भिंत पिवळी दिसते, नव्याने पांढरी. मग पुन्हा नवा डोळा झाकून भिंतीकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण रंगवलेल्या स्लाइडा याच पिवळ्या डोळ्याने बघितल्या, हे त्यांच्या मनात आलं असावं. मी घाबरून सांगितलं की बाई, तुमच्या स्लाइडा मी पण बघत होते की. तर खुदकन हसून म्हणाल्या, "म्हनून त तुले बसवत होती मायक्रोस्कोपवर. तुले काय वाटलं, शिकवून राह्यली होती?" इतक्या वर्षांनी मला माझ्या पगाराचं कारण कळलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी शेवटी करून घेतलं, पण मन भरेपर्यंत भिंती बघून झाल्यावर.

बाईंच्या पुष्कळ गोष्टी आहेत. दोन कुकरची आहे, दोन ज्योतिषांची आहे. पण मला त्यांची आठवण आली की मी कुठली जागा धरते तर ती आमच्या लॅबची खिडकी, आणि पंधरवडा उलटल्यानंतरची एक सकाळ.

मी बरी होऊन त्या दिवशी कामावर परत आले होते. रांगेत पहिली शेवंता. जिनिंगच्या फाटकातून आत जायला तिला आमच्याकडून शब्द हवा होता. बदली बाई अजून तिच्या दाराजवळच्या जागेवर उभी होती आणि बाबाराव स्वतः आदल्या दिवशीच कामावर हजर झाला होता. मी बाईंना आत जाऊन म्हटलं की आज पट्टी तुम्ही बघा, मला नको. त्यांनी चष्मा पुसत विचारलं की का, डोळे बरे झाले नाहीत का तुझे? मी म्हटलं झाले. मग त्यांनी पट्ट्यांची डबी माझ्या हातात दिली आणि स्वतः येऊन दाराशी उभ्या राहिल्या.

शेवंताने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग मी हात लावायच्या आधी तिने स्वतःच बोटाने खालची पापणी ओढून धरली. डोळा पांढरा स्वच्छ होता, पण आम्ही डोळ्याचं ऐकून थांबणाऱ्या नव्हतो. मी हात धुतले. बोळा फिरवला. पट्टी बुडवली आणि खिडकीत, उन्हाच्या तिरिपेत धरली. थांबायचं तेवढं थांबले आणि त्यानंतर थोडं आणखी. एक रेघ. पट्टी तशीच मागे केली. बाईंनी ती घेतली, वळून उजेडात धरली. मी बोलले नाही, त्या बोलल्या नाहीत. मग दोघी एकदम म्हणालो, "एक."

मी शेवंताला सांगितलं की डोळे बरे आहेत, आज कामावर जा, बाबारावला सांग दवाखान्याने हो म्हटलंय, तुझी जागा तुला दे म्हणावं. ती उठली नाही. पदराने डोळा टिपला, पदर नीट खोचला आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाली,

"हो म्हन का नाही म्हन, ताई, मी ऐकून घेईन. पर आज जे म्हनशील, तेच उद्या बी म्हनजो."